गाडीचं कपाळ

नांदूरघाट
बुधवार, दुपारचे दोन (दुकानाचं शटर खाली, अप्पा आडवे)

तीर्थस्वरूप संगमेश्वर मामांना ईश्वरीचे शरणु शरणार्थ.

पत्र पाहून दचकू नका, इकडं सगळे धडधाकट आहेत. आईची कंबर आहे तशीच आहे, म्हणजे पाहुणे आले की दुखते आणि बाजाराच्या दिवशी दुखत नाही. अप्पांची साखर ताब्यात आहे (डॉक्टरांच्या नव्हे, आईच्या, डबा ती वरच्या फळीवर ठेवते). तुमचा गुडघा जिना चढताना अजून वाजतो का? वीरेशदादाच्या परीक्षेचा निकाल लागला की कळवा. मामींची कारळाची चटणी पोचली आणि संपलीही. बरणी अजून इकडंच आहे, कारण बरणी रिकामी परत पाठवू नये असं आई म्हणते आणि भरून काय पाठवावं यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. तोवर मामींनी रागावू नये.

तुम्ही म्हणाल, चौसाळा काही परदेशात नाही, फोन करायचा. मामा, फोन करता आला असता तर लिहायला बसले असते का? आमच्या घरात फोन कानाला लावून बोलायची पद्धत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. अप्पांच्या मते कानाला लावला की समोरच्याला नीट ऐकू जात नाही, म्हणून आमचा प्रत्येक फोन स्पीकरवर, गल्ल्यापाशी, चार गिऱ्हाइकांच्या साक्षीनं होतो. (आत्यानं मूळव्याधीचं सांगायला फोन केला तेव्हा दोन गिऱ्हाइकांनी औषध सुचवलं आणि तिसऱ्यानं वैद्याचा नंबर लिहून दिला.) मोबाईलवर निरोप लिहावा तर तुमचा मोबाईल मामींच्या हातात, आणि मामींकडून आईकडं बातमी यायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून हे पत्र. हरिबाच्या टेम्पोतून तुमच्या दुकानाचा माल येईल, त्यातल्या पोह्यांच्या पोत्याला ते शिवलेलं असेल. फक्त तुमच्याच हातात द्यायला सांगितलं आहे.

आधी एक कबुली देते. गेले तीन महिने मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. जूनमध्ये मी बी.एस्सी. झाले म्हणून तुम्ही तुमची काळी मोटारसायकल मला दिलीत, तीही टाकी भरून आणि हँडलला हार घालून. म्हणालात, "पंधरा वर्षांत हिनं मला एकदा बी ढकलाय लावलं न्हाई." ते वाक्य मला पाठ झालं होतं. पुढं पुढं गाडी ढकलताना मी ते एकेक शब्द तोडून म्हणत असे. दर पावलाला एक शब्द, आणि 'न्हाई'ला जरा जोर.

गाडी मला कशासाठी हवी होती ते तुम्हाला माहीत आहे. संस्थेनं माझ्याकडं विज्ञानपेटी दिली आहे. हिरवी पत्र्याची पेटी, तिच्यात भिंगं, चुंबकं, नळ्या, चुन्याची निवळी, मेणबत्त्या, आणि आठवड्याला पाच शाळा. ज्या मुलांनी प्रयोग फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला, त्यांच्या हातात तो द्यायचा. मला या कामापेक्षा मोठं काम जगात असेल असं अजून तरी वाटत नाही. (वीरेशदादा यावर हसतो. हसू दे.) अप्पांना मात्र हे काम मनापासून पटलेलं नव्हतं. तसं त्यांना माझ्या पदवीचा अभिमान आहे. ती फ्रेम करून तराजूच्या वर टांगली आहे आणि सकाळची उदबत्ती देवांनंतर तिला ओवाळली जाते, त्यामुळं माझं नाव आता धुरानं पिवळं पडत चाललं आहे. पण पदवी भिंतीवर असावी आणि मुलगी घरात असावी, असं त्यांचं साधारण गणित. शेवटी आईनं मध्यस्थी केली आणि अप्पांनी एकच अट घातली. सगळ्या दुकानासमोर घातली. म्हणाले, "गाडी रस्त्यात बंद पडली आन् ज्या दिशी तू हरिबाच्या टेम्पोत गाडी घालून घरी आलीस, त्या दिशी पेटी वापस." हरिबा तिथंच गूळ घेत उभा होता. तेव्हापासून तो मला रस्त्यात दिसला की टेम्पो हळू करतो आणि अपेक्षेनं बघतो.

जून-जुलै गाडी झकास पळाली. मग श्रावणातल्या पहिल्या सोमवारी ती पहिल्यांदा बंद पडली. बरोबर आठव्या किलोमीटरला, सुग्रीवनानांच्या चहाच्या टपरीसमोर. आधी दोन आचके, मग ढेकर दिल्यासारखा आवाज, मग शांतता. नाना पळत आले, "पेट्रोल हाय का?" म्हणत टाकी उघडून बघितली, पेट्रोल भरपूर होतं. मग त्यांनी गाडी धरून देवळातल्या घंटेसारखी हलवली, मी किक मारली, झाली सुरू. नाना म्हणाले, "कचरा आडकला होता, हलवला की जातो." मी त्यांचे आभार मानून पुढं गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी टपरीजवळ आले तोवर नानांनी चहा गाळायला घेतला होता.

आता मी विज्ञानाची पदवीधर. असं रडत बसणं मला शोभणारं नव्हतं. (शिवाय गावाची समजूत अशी आहे की बी.एस्सी. म्हणजे सगळी यंत्रं येतात. मला आजवर दोन मिक्सर, एक पिठाची गिरणी आणि एका आजोबांचं कानातलं मशीन बघायला लावलं आहे.) मी दोनशे पानी वही घेतली, वर 'गाडी निरीक्षण' असं लिहिलं आणि रकाने आखले: तारीख, वेळ, अंतर, ऊन, वारा, माझं अधिक पेटीचं वजन, लक्षणं, केलेला उपाय, निष्कर्ष. निरीक्षण, तर्क, पडताळा. मुलांना मी हेच शिकवते. निसर्ग कधी खोटं बोलत नाही, आपण नोंद चुकीची करतो, हे वाक्य तर मी प्रत्येक शाळेत फळ्यावर लिहिते. ते तुम्ही लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

दर रविवारी गाडी रामकिसनभाऊंच्या गॅरेजात. रामकिसनभाऊ माणूस प्रामाणिक, पण ते गाडीशी बोलतात, माझ्याशी नाही. पहिल्या रविवारी त्यांनी प्लग काढला आणि तो काळा पडलेला बघून त्यालाच विचारलं, "कावून तरास देतो बे मॅडमला?" प्लग नवा घातला. दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर खोलून, पेट्रोलनं धुऊन, बारीक तारेनं त्याची भोकं साफ करून परत बसवला. तिसऱ्या रविवारी पेट्रोलचा कॉक बदलला, चौथ्या रविवारी वायरिंग तपासलं, पाचव्या रविवारी तुमच्या काळातला एअर फिल्टर काढला, त्यात चिमणीचं पीस आणि अर्धा तिळाचा लाडू निघाला. (लाडवाबद्दल तुम्ही काही सांगू शकाल का? केवळ कुतूहल.) दर वेळी ते स्टँडपर्यंत एक चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, "एकदम ओके हाय मॅडम, आता हिच्यावर काशीला जा." काशीचं काही नाही मामा, मला नवव्या किलोमीटरला जायचं होतं.

रस्त्यावरचे तज्ज्ञ वेगळेच. आपल्याकडं गाडी बंद पडल्यावर माणूस दोन मिनिटं एकटा राहू शकत नाही हा आपल्या लोकांचा मोठेपणा आहे, आणि मी तो मनापासून मानते. एका दूधवाल्यानं टाकीत डोकावून, नळी काढून तिच्यात फुंकर मारली, गाडी सुरू. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं पेट्रोल बघून गाडी डाव्या अंगावर पार जमिनीला टेकेपर्यंत आडवी केली, सुरू. एका शिक्षकांनी झाकण उघडून, वास घेऊन, पेट्रोल भेसळीचं असल्याचा निर्णय दिला आणि चोक ओढला, सुरू. कापूस वेचून परतणाऱ्या बायांपैकी एकीनं टाकीत वाकून बघत गाडीला अशी काही शिवी दिली की मी पेटीचे कान झाकले असते, तरीही सुरू. उपायाच्या रकान्यात मी 'ध्वनिलहरी' असं लिहिलं. आणि सुग्रीवनानांनी तर एके दिवशी लिंबू आणलं. मी कडाडून विरोध केला. म्हटलं, नाना, मी विज्ञानपेटी घेऊन फिरते, माझ्या गाडीवरून लिंबू ओवाळलेलं मुलांना कळलं तर मी काय तोंड दाखवू? नाना म्हणाले, "तू डोळे मिटून घे ना, लेकरा. इज्ञानाला कोण सांगाय चाललंय?" त्यांनी आधी टाकी उघडून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं, लिंबू ओवाळलं आणि चाकाखाली ठेवलं. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. त्या दिवशी मी शाळेत अंधश्रद्धेवर बोलणार होते. त्याऐवजी फुलाचे भाग शिकवले.

मामा, वही भरत गेली. तेवीस उपाय, तेवीसही यशस्वी, आणि गाडी रोज बंद. असं कोणत्या शास्त्रात बसतं? जागेत दोष आहे असं नानांचं म्हणणं; तिथं म्हणे पूर्वी एक बैल बसला तो उठलाच नव्हता. ते खोडून काढायला मी एका शनिवारी मुद्दाम उलट्या दिशेनं निघाले. आठव्या किलोमीटरला गाडी बंद पडली, आणि ती नेमकी एका मंगल कार्यालयाच्या कमानीखाली, नवरदेव घोड्यावरून उतरत असताना. वाजंत्रीवाल्यांनी टाकीत पेट्रोल बघून ढकलली. निष्कर्ष: जागेत दोष नाही. (वधूपक्षानं जेवायला बसवलं. बुंदी चांगली होती. ही नोंद वहीत आहे.)

घरी मी खोटं काही बोलले नाही, हे तुम्ही समजून घ्या. उशीर का झाला असं आईनं विचारलं की मी सांगायचे, सुग्रीवनानांच्या टपरीवर चहा घेतला. खरंच घेतलेला असायचा. पण रोज रोज चहा म्हटल्यावर आईच्या चेहऱ्यावर वेगळीच काळजी दिसू लागली. अप्पा म्हणाले, "घरच्या चहात काय माती पडती का?" आईनं वनमालामावशींना, ज्या गावोगाव बांगड्या विकत फिरतात, टपरीवर 'सहज' जाऊन यायला सांगितलं. मावशींनी येऊन अहवाल दिला: टपरीवर एक म्हातारा हाय, त्याला पुढचे दात न्हाईत, आन् एक शेळी हाय. आईला हायसं वाटलं, पण कोडं वाढलं. पदवीधर मुलगी रोज शेळीला भेटायला का जाते?

शेवटी गेल्या सोमवारी सकाळी मी वेणी घालत असताना अप्पांनी जाहीर केलं, "आज मी येतो मागं बसून. बघू तर कसला चहा हाय त्यो." माझ्या हातातून फणी पडली. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. दुकानाला कुलूप लावून, स्वच्छ पांढरा सदरा घालून, कपाळाला भस्माचे तीन ताजे पट्टे ओढून अप्पा अंगणात उभे राहिले. गाडीलाही तसेच तीन पट्टे. ते अप्पा श्रावणापासून रोज लावतात, कपिलधारहून आणलेली भस्माची वडी पाण्यात कालवून, मी बाहेर पडायच्या आधी. मी एकदा म्हटलं होतं, अप्पा, गाडीला कपाळ नसतं. तर म्हणाले, "बी.एस्सी.ला शिकवलं न्हाई का? टाकीवर चमकतंय ते काय हाय मग?" त्यावर मी वाद घातला नाही. घालायला हवा होता, मामा. विज्ञानासाठी तरी.

निघालो. पेटी मांडीवर घेऊन अप्पा मागं. पाचवा किलोमीटर गेला, सहावा गेला. मी मनात तुमचं ते वाक्य म्हणू लागले. सातव्याला अप्पा म्हणाले, "चांगली पळती की गं." आठव्याला दोन आचके, ढेकर, शांतता. टपरी समोर. आणि सुग्रीवनाना चहाची किटली वर धरून आनंदानं ओरडले, "आल्या मॅडम! टायमावर आल्या! आज पाव्हणे बी हायत का?"

अप्पा खाली उतरले. मला वाटलं, संपलं. पेटी वापस. पुढं चार किलोमीटरवर चौथी-पाचवीची चाळीस मुलं वाट बघत असतील आणि मी त्यांना सांगितलं होतं की आज डब्याचा प्रयोग आहे, येताना रिकामे डबे आणा. मागून लांबवर एक टेम्पोही येताना दिसत होता. तो हरिबाचा आहे का हे बघायची मला हिंमत झाली नाही. (नव्हता. कडब्याचा होता.)

आणि मग अप्पांनी जे केलं ते तीन महिन्यांत कोणीच केलं नव्हतं. नाना "पेट्रोल हाय का?" म्हणत सरसावले, तर अप्पांनी त्यांना हातानं थांबवलं, वाकून टाकीला कान लावला आणि बोटाच्या पेरानं टकटक केलं, दुकानात तेलाच्या डब्याला करतात तसं. तीस वर्षं ते असंच करतात, उघडून बघावं लागणं त्यांना कमीपणाचं वाटतं. म्हणाले, "निम्म्याच्या वर हाय. मार किक." मी मारली. काही नाही. नानांनी गाडी हलवली. मी मारली. काही नाही. नानांनी लिंबू आणलं, ओवाळलं, चाकाखाली ठेवलं. काही नाही. अप्पांनी चोक ओढला, कॉक फिरवला, मनातल्या मनात पाच अक्षरी मंत्रही म्हटला असावा. काही नाही. नाना पार खचले. "लिंबानं दगा दिला," म्हणाले.

मामा, मी रस्त्याच्या कडेला वही उघडून बसले. तेवीस उपाय यशस्वी आणि आज तेच उपाय फुकट. मग आज वेगळं काय आहे? ऊन तेच, रस्ता तोच, नाना तेच, लिंबूही बहुधा तेच. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन महिन्यांत जो जो आला त्यानं आपला उपाय करायच्या आधी झाकण उघडून पेट्रोल बघितलं होतं. दूधवाल्यानं, ट्रॅक्टरवाल्यानं, शिवी देणाऱ्या बाईनं, मी स्वतःसुद्धा. ती गोष्ट इतकी साधी होती की तिच्यासाठी मी रकानाच आखला नव्हता. आणि आज पहिल्यांदाच झाकण कोणी उघडलं नव्हतं.

मी चावी घातली आणि झाकण फिरवलं. आतून असा 'स्स्स' आवाज झाला, की जणू उन्हातून आलेल्या माणसानं तांब्याभर पाणी पिऊन श्वास घ्यावा. मी झाकण परत लावलं. एक किक. सुरू.

माझ्याआधी अप्पा बोलले. "आगं, दुसरं भोक न्हाई हिला!" तुम्हाला तर ठाऊकच आहे, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गचके खात येतं आणि थांबतं, समोर दुसरं पाडलं की हवा आत जाते आणि धार लागते. टाकीतही पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा यावी लागते, आणि त्यासाठी झाकणात एक वाट ठेवलेली असते. ती बंद झाली की टाकी आतून पेट्रोल ओढून धरते; आठ किलोमीटरपर्यंत कशीबशी दम काढते आणि मग श्वास कोंडतो. हवेच्या दाबाचा धडा. मी तो सव्वीस शाळांत शिकवला आहे मामा, दोन भोकांचा डबा हातात घेऊन, त्याच गाडीवर बसून जाऊन.

आता ती वाट का बंद झाली ते बघू म्हणून आम्ही दोघं झाकणावर वाकलो. चावीच्या भोकाशेजारी मोहरीएवढं भोक असतं. ते दिसतच नव्हतं. चावी रोज आत-बाहेर करते म्हणून तिची जागा तेवढी मोकळी होती. बाकी झाकणावर पांढऱ्याशुभ्र थरांचं एकावर एक लिंपण, वाळून भिंतीच्या गिलाव्यासारखं टणक झालेलं. श्रावणापासूनचं. रोजचे तीन पट्टे.

मी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी झाकणाकडं बघितलं, मग स्वतःच्या उजव्या हाताच्या तीन बोटांकडं. सकाळचं भस्म अजून बोटांना होतं. त्यांनी तो हात सावकाश सदऱ्याच्या खिशात घातला.

शेळी तेवढी बोलली. मग अप्पा घसा साफ करून, रस्त्याकडं बघत म्हणाले, "तुझ्या मामानं कवाचंच बुजवून ठिवलेलं दिसतंय हे." नानांनी लगेच मान डोलवली, "मामा लोकांचं असंच असतंय."

आणि मी, मामा, जी फळ्यावर लिहिते की नोंद चुकीची करू नये, मी वही उघडली, निष्कर्षाच्या रकान्यात 'झाकणातील हवेची वाट बंद' असं लिहिलं आणि पुढं 'कारण: अज्ञात' असं लिहिलं. इतके दिवस मला वाटत होतं की अप्पांना माझं काम बंद पडायला हवं आहे. आणि रोज सकाळी, मी वेणी घालत असताना, मी नीट परत यावं म्हणून ते स्वतःच्या हातानं ते बंद पाडत होते. आता हे कोणत्या रकान्यात लिहू?

नानांच्या सुईनं भोक मोकळं केलं आणि अप्पांसकट शाळेत पोचलो. मुलं डबे वाजवत बसली होती. मी प्रयोग सुरू केला, पाणी गचके खात येऊ लागलं, तर मागच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसलेले अप्पा राहवेना म्हणून उठले. "असा न्हाई धरायचा डबा, सांडतंय," म्हणत त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि तीस वर्षांच्या हातानं अशी धार धरली की चाळीस मुलं गप्प झाली आणि मग टाळ्या पडल्या. त्यांनी तो प्रयोग सहा वेळा केला. मला निवळीची बाटली धरायला दिली. परत येताना टपरी मागं पडली, गाडी थांबली नाही, नाना हात हलवत राहिले, जरासे उदास वाटले. घरी आईनं विचारलं, चहा कसला होता? अप्पा म्हणाले, "प्यालोच न्हाई. उद्या कुठलं गाव हाय गं?"

असो. आई उठल्याचा आवाज आला. मामींना नमस्कार, वीरेशदादाला माझं हे काम मोठंच आहे असं सांगा.

तुमची भाची,
ईश्वरी

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली, जिच्यासाठी पत्र लिहिलं. अप्पा सोमवारपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आहेत की मेहुण्यानं झाकण बुजवून गाडी गळ्यात मारली. पण सांगताना त्यांचा उजवा हात खिशात जातो, आणि मला भीती वाटते की एक दिवस त्यांना स्वतःलाच ते खरं वाटेनासं होईल, मग भस्म लावायचं थांबेल आणि त्याबरोबर मला पाठवायचंही. तरी मामा, कृपा करून शुक्रवारी संध्याकाळी सहाला, दुकानात गर्दी असते तेव्हा, फोन करा आणि मोठ्यानं म्हणा, "दाजी, चूक माझी हाय, झाकणात मीच मेण भरलं होतं." मेणच म्हणा. का भरलं ते काही तरी सुचेल. पंधरा वर्षांत एकदाही ढकलायला न लावणारी गाडी दिलीत, आता एवढं ओझं ढकला.

ता. क. दोन (शनिवार) : हरिबाचा टेम्पो बंद पडल्यामुळं पत्र तीन दिवस इथंच, पोह्यांच्या पोत्याला शिवलेलं; टाके उसवून हे लिहिते आहे. म्हणजे काल सहाला तुमचा फोन येणं शक्यच नव्हतं. तरी आला! आणि अप्पांनी काही म्हणायच्या आत तुम्ही म्हणालात, "दाजी, ते झाकणाचं कळलं. चूक माझीच." अप्पा म्हणाले, "जाऊ द्या हो, व्हतं माणसाकडून." कोणी सांगितलं तुम्हाला? वनमालामावशी कालच चौसाळ्याला गेल्या होत्या आणि आईनं त्यांच्याबरोबर तुमची बरणी पाठवली, भरून. बरणीत काय होतं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. आईला किती माहीत आहे हेही नाही.

ता. क. तीन : भस्म बंद झालेलं नाही, आता ते आरशावर लावतात. मागचं काही दिसत नाही, म्हणून गावाची वेस ओलांडली की मी आरसा पुसते, आणि संध्याकाळी परत येताना वेशीपाशी थांबून तीन बोटांनी पट्टे पुन्हा ओढते. भस्माची डबी विज्ञानपेटीत असते, चुन्याच्या निवळीशेजारी. वहीत याची नोंद नाही.